हूल

सांगलीची मंडळी मेढ्याला एस.टी.तून उतरून चढण चढत बुद्धवाड्यात पोहोचली, तेव्हा नाथाजीचा ड्रम आधीच पडवीत येऊन बसला होता. बसला होता असंच म्हणायला हवं. नवी घोंगडी अंथरून, मधोमध, एखाद्या व्याह्यासारखा. पायानं वाजवायचा मोठा ढोल, त्यावर आडवी टेकवलेली पितळी थाळी आणि शेजारी चकचकीत कडांचा साईड ड्रम. उद्या घरच्या लेकीचं, पारूचं लग्न; घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी त्या घोंगडीच्या कडेनं माणसं जपून जात होती.

बनुबाईनं साताऱ्यापर्यंत आणि साताऱ्यापासून पुढं मेढ्यापर्यंत मांडीवर तबला धरून आणला होता. डग्गा नवऱ्याकडं, तबला तिच्याकडं. कंडक्टरनं वर टपावर टाकायला सांगितलं तर तिनं त्याच्याशी भांडण काढलं होतं. आता दारात उभी राहून तिनं विचारलं, "आत्याबाई, हे कुठं ठिवू?"

सासू, मनुबाई, धाकट्या सुनेबरोबर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "आलीस व्हय? ये. ठिव की त्या कणगीमागं. पोरं न्हाईतर हात लावत्याल."

कणगीमागं. बनुबाईनं धाकट्या जावेकडं, तानूकडं पाहिलं. तानूच्या अंगावर महाबळेश्वरहून आणलेलं नवं लुगडं होतं आणि तिच्या नवऱ्याचा ड्रम पडवीत होता. पोरांनी हात लावायची भीती त्याला नव्हती का?

"वैनी, दमला असाल. पानी देऊ?" तानूनं विचारलं.

"माझं मी घेती," बनुबाई म्हणाली.

सासरे केरबा रणपिसे, घरादाराचे आबा, ड्रमच्या शेजारीच बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून असायचा. डावा मात्र ड्रमच्या कातड्यावर होता. बोटं हलत होती. तिच्या नवऱ्यानं, धोंडिरामनं, वाकून बापाच्या पायाला हात लावला, "आबा, कसं आहे?" म्हणाला. आबांनी मान हलवली, नजर ड्रमवरच ठेवली.

"नाथानं आणला," ते म्हणाले. वारं गेल्यापासून शब्द तोडून तोडून येत. "लय गोड. हाय."

बनुबाईला नवऱ्याच्या पाठीवरूनच कळलं. ती पाठ ताठ झाली होती. नऊ वर्षं ती पाहत आली होती. एस.टी. डेपोत दिवसभर इंजिनं उघडून, काळे हात घासून घासून धुऊन हा माणूस सायकल मारत मिरजेला जायचा, दस्तगीर उस्तादांच्या ओट्यावर बसायचा. एकेक कायदा महिनोन्‌महिने. सांगलीत आता लोक त्याला साथीला बोलवत होते. आणि सासऱ्यानं या नऊ वर्षांत तबल्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. बरा नाही, वाईट नाही.

आत आल्यावर ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "बघितलंसा? आपला कणगीमागं, त्येंचा पडवीत."

"गप बस."

"मी गप बसती. तुमी नऊ वरसं गपच हायसा."

---

मांडवावर टाकायला जांभळीचे डहाळे हवे होते. दुपार कलल्यावर दोघे भाऊ कोयता घेऊन ओढ्याच्या अंगाला गेले. नाथाजी झाडावर चढला. पलटणीत आठ वर्षं काढलेला गडी, अंगात अजून तीच चपळाई. तिथल्या बँडात साईड ड्रम वाजवायला शिकला आणि सुटून आल्यावर महाबळेश्वरच्या एका हॉटेलात, सीझनपुरता, इंग्रजी बँडात लागला.

"दादा, तुझ्याकडं एक काम हाय," तो वरूनच म्हणाला.

"बोल."

"आमचा म्होरक्या हाय ना, डिसोजासाहेब. पियानो वाजवतो. तो जॅझ वाजवतो. ऐकलंयस कवा?"

"डेपोतल्या एका मॅनेजरकडं तबकडी होती. ऐकलं आहे. ताल सरळ चार मात्रांचा, बाकी नुसता गोंधळ."

नाथाजी हसला. डहाळा कापून खाली टाकला. "गोंधळ न्हाई. जिथं ठोका पडंल असं मानसाला वाटतं, तिथं पाडायचा न्हाई. जरा अलीकडं न्हाईतर पलीकडं. सिंकोपेशन म्हणत्यात."

"आम्ही अनाघात म्हणतो. समेच्या आधीच सम दाखवायची. शास्त्रात आहे ते."

"आबा हूल म्हणायचे."

धोंडिरामनं डहाळे गोळा करता करता हात थांबवले. किती तरी वर्षांत हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. गावची पालखी डोंगरावरच्या देवाला निघायची, तेव्हा पुढं हलगी आबांची. पालखीला शिवायचं नाही. पण हलगीशिवाय पालखी हलत नसे. चढणीला भोयांची पावलं जड व्हायची. आबा सांगायचे, पाऊल टेकतं तिथं ठोका दिला तर पाऊल रुततं. म्हणून पाऊल टेकताना हलगी गप्प ठेवायची आणि उचलायच्या जरासं आधी वाजवायची. पावलाला हूल द्यायची. मग ओझं घेऊन माणूस आपोआप वर जातो. उताराची चाल वेगळी. तिथं पावलं पळू बघतात, त्यांना धरून ठेवायचं असतं.

नाथाजी खाली उतरला. "एका सांजंला मी त्येंच्या गाण्यात आबांची चढाची चाल घातली. सहजच. डिसोजासाहेबानं पियानोवरचं हात उचललं आन् ऐकत बसला. मागनं इचारलं, हे कुठनं आणलंस? म्हटलं, माझ्या बापाचं हाय."

माझ्या बापाचं हाय. कोट-टाय घातलेल्या माणसांसमोर, किती सहज.

"मग अडलं काय?"

"उतार येत न्हाई मला. तू आन् आबा वाजवायचा तवा माझ्या हातात नुसती झांज असायची. चढ कानात बसला, उतार बसला न्हाई. आता मी वर जातो आन् तिथंच लोंबकळतो. बाकीच्यांनी मला सावरून खाली घ्यायचं. साहेब म्हणाला, सीझन संपला की मुंबईच्या हॉटेलात कायमची जागा देतो, पर आधी खाली उतराय शिक." त्यानं कोयता जमिनीत रोवला. "आबांना इचारलं. त्येंचा हात चालत न्हाई, तोंडानं सांगाय गेले तर जिभंला अडकतं. रडकुंडीला आले. म्हणाले, धोंड्याला इचार."

"मी हलगी सोडली आहे, नाथा."

"हलगी कुठं म्हणतोय? गुडघ्यावर दाव."

दीक्षा घेतली त्या साली वाड्यातल्या सगळ्या हलग्या याच ओढ्याच्या काठी जाळल्या होत्या. पुढाकार धोंडिरामचा होता. गावापुढं वाकून वाजवायचं नाही, असं त्यानंच सगळ्यांना पटवलं होतं आणि त्याबद्दल त्याला आजही पश्चात्ताप नव्हता. आबांनी आपली हलगी स्वतः आणून दिली होती, काही न बोलता. त्यानंतरच धोंडिराम सांगलीला गेला.

तो दगडावर बसला. गुडघ्यावर बोटं ठेवली. उतार हातात जसाच्या तसा होता. दहा वर्षांत एक कणही झिजला नव्हता. दोन आवर्तनं सरळ आणि तिसऱ्याला हात वर अडवून ठेवायचा. भोयाचं पाऊल पुरतं टेकेपर्यंत. मग दोन ठोके जोडून. तो अडवलेला हात म्हणजेच उतार. बाकीचं काय, कुणीही वाजवील.

तिसऱ्याला धोंडिरामनं हात अडवला नाही. सरळ ठोका दिला.

पहिल्यांदा ते कसं झालं, त्यालाही कळलं नाही. "परत दाव," नाथाजी म्हणाला. दुसऱ्यांदा मात्र त्याला सगळं कळत होतं. तो ओढ्याकडं बघत होता आणि त्याचा हात भावाला खोटं सांगत होता.

"एवढंच?" नाथाजीनं विचारलं.

"एवढंच. सोपं आहे."

नाथाजीनं कोयत्याच्या मुठीवर ते वाजवून पाहिलं. मग डहाळ्यांचा भारा खांद्यावर घेऊन तो पुढं चालू लागला. वाटेत म्हणाला, "लय उपकार झालं, दादा."

---

पारू पांढरं लुगडं नेसली होती. बुद्धाच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावून त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली आणि ती कोरेगावकरांची सून झाली. जेवणं आटोपली. पाव्हणे मांडवात पान खात बसले, तेव्हा आबांनी डावा हात उचलून नाथाजीला खूण केली.

"वाजीव."

पंचशील मंडळाचे अध्यक्ष भाऊसो पुढं आले. जुनी वाद्यं परत वाड्यात शिरू द्यायची नाहीत, यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. त्यांनी ड्रमभोवती एक फेरी मारली. "हे हलगीपैकी न्हाई न्हवं?"

"न्हाई काका. इंग्रजी हाय," नाथाजी म्हणाला.

"मग वाजू द्या."

पारू नवऱ्याशेजारी पाटावर होती. तिथून तिला सगळे दिसत होते. नाथादा स्टुलावर बसला, पायानं मोठ्या ढोलाला हळूच दम् दम् चालू केलं. सरळ, चालल्यासारखं. मग काड्या साईड ड्रमवर आल्या आणि पायाच्या प्रत्येक दम्‌ला तिथं नसायच्या. जराशा आधी, जराशा नंतर. माणसांचे खांदे हलायला लागले. कोरेगावचे एक म्हातारे पाव्हणे, सुपारी कातरायची सोडून, मान डोलवू लागले. पारूचा जन्म हलगीच्या आवाजातला. पण हे तिला ओळखीचं वाटलं आणि नवंही वाटलं. थाळी मधूनच झुळझुळायची.

आबा हसत होते. अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा तसाच, पण पारूनं बापाला इतकं मोकळं हसताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

तिनं वळून धोंडूदादाकडं पाहिलं. दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो ड्रमकडं बघत नव्हता, नाथाकडंही नाही. तो आबांच्या चेहऱ्याकडं बघत होता. लहानपणी दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडं बघावं, तसं.

नाथानं लय वर वर नेली. तिथं एक क्षण धरली आणि उताराला लागला. दोन आवर्तनं ठीक गेली. तिसऱ्याला पाय एकीकडं आणि हात दुसरीकडं. ढोल म्हणाला इथं, काड्या म्हणाल्या तिथं. त्यानं परत धरायला बघितलं, परत निसटलं. नवऱ्याकडचा कुणीतरी हसला. "फौजी घसरला की रं उतारावर!"

मांडव हसला. नाथाजीही हसला, थाळीवर एक मोठा ठोका देऊन त्यानं संपवलं आणि उठून सगळ्यांना सलाम ठोकला. कान मात्र लाल झाले होते.

आबा हसत नव्हते. ते डाव्या हातानं खांब धरून उभे राहिले. "नाथा," ते म्हणाले. "त्यानं. तसं सांगितलं?"

मांडवात कुणाला काही कळलं नाही. नाथाजीनं काड्या खाली ठेवल्या. "न्हाई आबा. माझीच चूक झाली."

"तिसऱ्याला हात?"

"माझीच चूक, आबा."

आबांनी मान वळवून थोरल्या लेकाकडं पाहिलं. ते काही बोलले नाहीत. पारूला वाटलं, बोलले असते तर बरं झालं असतं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. धोंडूदादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती त्याच्या छातीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात?"

एवढंच. मग बैलगाडी उताराला लागली.

---

बनुबाईनं नवऱ्याला परसात गाठलं.

"आवं, आबा काय म्हणत हुते? काय सांगितलं तुमी भाऊजींना?"

धोंडिराम रांजणापाशी वाकून हात धुवायला लागला.

"तुमी मुद्दाम?"

"तूच म्हणालीस ना, नऊ वर्षं गप्प आहात म्हणून."

"बोला म्हणलं हुतं मी. भांडा म्हणलं हुतं." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "सासऱ्याच्या तोंडाव सांगाय पाहिजे हुतं, आमचा बी ऐका म्हणून. हे असलं न्हाई. त्या पोराला चार मानसांत पाडलंसा." ती पदर खोचून चुलीकडं गेली. तानू एकटीच भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती, डोळे पुसत. बनुबाई तिच्याशेजारी बसली, राख घेतली आणि मोठं पातेलं आपल्याकडं ओढलं. तानूनं आधी ते सोडलं नाही. मग सोडलं.

ऊन अजून ओट्यावर होतं. आबा तिथं बसले होते. धोंडिराम जाऊन खालच्या पायरीवर बसला. मांडवात पोरं पडलेली फुलं गोळा करत होती.

"चुकलं माझं," धोंडिराम म्हणाला.

"चुकलं न्हाई. केलंस."

"व्हय. केलं." सांगलीची भाषा गळून पडली. "आबा, मी काय करायचं सांगा. नऊ वरसं सायकल मारली मिरजंला. बोटांच्या पेरातनं रगात आलं. एकदा तरी म्हणालासा, बरं वाजिवतोस? तबला घरात आणला तर कणगीमागं. आन् ह्यो दोन काड्या घिऊन आला, तर घोंगडी. तुमचं हसू बघितलं मी आज. ते माझ्या वाट्याला कवा आलं न्हाई."

आबांनी तोंड उघडलं, पण शब्द लगेच आला नाही. ते थांबले. परत सुरुवात केली.

"मी आलो हुतो. सांगलीला."

"कवा?"

"वारं जायच्या आदी. तुझा कार्यक्रम. मोठ्या हॉलात."

धोंडिरामला आठवलं. आबा आले होते खरे. दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. सकाळच्या एस.टी.नं निघून गेले होते, काही न बोलता.

"वाजवून झालं तुझं. एका साहेबानं इचारलं. कुणाकडं शिकला? तू कानाला हात लावला." आबांनी डावा हात कानाच्या पाळीपर्यंत नेला. "म्हणालास, दस्तगीर उस्ताद. मी तिथंच बसलेलो."

धोंडिरामची मान खाली गेली.

"तुझं हात. मी धरून फिरवलं. एवढंसं हुतास. मांडीवर घिऊन." आबांना धाप लागली. "उस्तादानं काय केलं? नावं दिली. ठोका माझाच हुता. त्याला नाव दिलं. आन् माझा ल्योक कानाला हात लावून त्याचं नाव घेतो. बापाचं न्हाई. गावाचं बी न्हाई."

"आबा, तिथं तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, ठावं हाय तुमाला? बाप काय वाजवायचा? कुणापुढं वाजवायचा? मग आडनाव. मग गावात घर कुठल्या अंगाला. मला तिथनं परत साथीला कुणी बलिवलं असतं?"

"ठावं हाय. म्हणून तर गप बसलो." आबांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर सारखा केला. "हलगी जाळली ते बरंच झालं. मीच आणून दिली की. पर चाल गावाची न्हवती, धोंड्या. माझ्या बापाची हुती."

ओट्यावरचं ऊन सरकत होतं.

"तो उस्ताद भला मानूस. त्या दिशी मला च्या पाजला. शेजारी बसवलं. तरी मी जळतो त्याच्यावर. अजून. तुझा तबला दिसला की. तो मानूस दिसतो." आबांनी डोळे मिटले. "म्हणून बोललो न्हाई. बोललो असतो. तर वंगाळ बोललो असतो."

नऊ वर्षं धोंडिरामला वाटत आलं होतं, या माणसाला तबला कळत नाही, किंवा कळूनही आवडत नाही. हे तिसरं काहीतरी होतं आणि ते त्याच्या स्वतःच्या पोटातल्यासारखंच होतं.

"नाथाला बी इचारलं कुणीतरी," आबा म्हणाले. "तो म्हणाला, बापाचं हाय. म्हणून त्याचा ड्रम गोड लागतो. वाजिवतो तुझ्यापेक्षा कच्चा. लय कच्चा."

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे आले. या दिवशी, या पायरीवर. धोंडिरामला ते घेता येईनात. तो उठून ओढ्याकडं निघून गेला.

---

सकाळी नाथाजी मेढ्याच्या स्टँडवर जायला निघाला. मोठा ढोल त्यानं पाठीला बांधला होता. तानू सासूबरोबर आणखी चार दिवस राहणार होती. साईड ड्रम उचलायला तो वाकला, तेवढ्यात धोंडिरामनं तो उचलून गळ्यात अडकवला.

"चल. सोडायला येतो."

वाडा मागं पडला. मग उतार लागला.

"मी परवा ओढ्यावर तुला—"

"कळलंय मला," नाथाजी म्हणाला. "तवाच कळलं हुतं. दुसऱ्यांदा दावताना तू माझ्याकडं बघितलं न्हाईस."

"मग वाजवलंस कशाला?"

नाथाजी पाठीवरचा ढोल सारखा करत थांबला. "वाटलं, बघू. दादा खोटं सांगंल का? न्हाई सांगायचा. आन् सांगितलं, तर आबांना कळंलच की." तो कडवट हसला. "मला बी काय कमी जळाय येत न्हाई, दादा. तुझं हात धरून शिकवलं त्येंनी. मला झांज दिली. म्हणाले, तू बारका हाईस, ह्येच वाजीव. पलटणीत बँडमास्तरनं काड्या हातात दिल्या, तवा पयल्यांदा मला कुणीतरी काहीतरी शिकवलं. घोंगडी दिसली तुला. आबा माझ्या ड्रमापाशी बसून सारखं काय इचारत हुते, ठावं हाय? धोंड्या कवा येनार? धोंड्या आला का?"

धोंडिरामनं गळ्यातला ड्रम सारखा केला. मग म्हणाला, "पुढं हो. चालत राहा. माझ्याकडं बघू नको."

नाथाजी चालू लागला. धोंडिरामनं काड्या घेतल्या नाहीत. बोटांनीच सुरुवात केली. साईड ड्रमच्या कातड्यावर उताराची चाल पडली आणि नाथाजीची पावलं, त्याला न विचारता, तिच्यात गेली. एक आवर्तन. दुसरं. तिसऱ्याला धोंडिरामनं हात वर अडवला. नाथाजीचं पाऊल हवेत होतं. ते जमिनीवर आलं, पुरतं टेकलं, पाठीवरचा ढोल स्थिर झाला आणि तेव्हा दोन ठोके पडले.

"आरं तिच्या," नाथाजी म्हणाला.

"चालत राहा."

वळणावर चावडी होती. पारावर गावातली चार माणसं बसली होती. हलगी गावातून गेल्याला दहा वर्षं झाली होती; तो आवाज ऐकून चौघांनीही माना वळवल्या. धोंडिरामचे हात क्षणभर जड झाले. इथंच आबा वाकून वाजवायचे.

"काय धोंडिबा," त्यातला एक जण म्हणाला, "परत सुरू केलं का काय? बरं झालं. पालखीला बलवायचं का मग औंदा?"

"पालखीला न्हाई," धोंडिराम न थांबता म्हणाला. "आमच्या आबांची चाल हाय. भावाला शिकवतोय."

दोघं चावडी ओलांडून खाली गेले. चाल सुटली नव्हती.

स्टँडवर महाबळेश्वरची गाडी लागलेली नव्हती. बाकावर ड्रम ठेवून नाथाजीनं काड्या घेतल्या. पायानं जमिनीवर सरळ चार मोजत त्यानं चढ घेतला, वर गेला आणि उताराला आला. पहिल्या खेपेला हात घाईत सुटला. "थांबव," धोंडिराम म्हणाला, "भीती वाटेपर्यंत थांबव." दुसऱ्या खेपेला बरोबर आलं. तिसऱ्या खेपेला नाथाजीनं हात अडवला आणि पाऊल टेकल्यावरही अडवूनच ठेवला. आणखी जरासा. समेच्या पार पलीकडं, जिथं कुणी थांबायचं धाडस केलं नसतं, आबांनी नाही, दस्तगीर उस्तादांनीही नाही. आणि मग काडीची कड घासत हात इतक्या अलगद खाली आला की बाकावर बसलेली म्हातारी बाई आपसूक हसली.

धोंडिराम पुन्हा जळला. परवाइतकाच, किंवा जास्तच. हे याला कुणी शिकवलं नव्हतं. हे आबांचं नव्हतं, शास्त्रातलं नव्हतं, आणि नऊ वर्षं रियाज करून त्याच्या स्वतःच्या हाताला ते कधी सुचलं नव्हतं.

गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टर ढोल टपावर चढवायला ओरडू लागला. नाथाजी उठला.

"बस जरा," धोंडिराम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओबडधोबड वाटला. "ते शेवटचं कसं केलंस? दाव मला."